गुलाबी हॉथॉर्नची फांदी घरात आणण्याबाबत

मी, अँब्रोज हॅलम, निवृत्त टपालवाला, राहणार टॅनर्स रो, लडलो, छाती दगा देत असली तरी डोकं ठिकाणावर असताना, स्वतःच्या मर्जीनं हे मृत्युपत्र करत आहे. आधीचं रद्द समजावं. ते रागात लिहिलं होतं.

१. घर, परसबाग आणि बँकेतली शिल्लक माझी एकुलती मुलगी मॉरीन हिला. परसातलं, मे महिन्यात फुलणारं गुलाबी हॉथॉर्नचं झाड माझी पत्नी आयव्ही हिनं लग्नाच्या वर्षी लावलं. बाग एवढीशी, म्हणून बेताचं वाढणारं कलम तिनं निवडलं. कलमाच्या खालून रानटी फुटवे येतात, ते दर हिवाळ्यात काढावेत. नाहीतर चार वर्षांत झाड पांढरं फुलू लागेल. जाड हातमोजे घालावेत, काटे मालकालाही सोडत नाहीत.

२. बागेची हत्यारं जावई डेरेक यांना, करवत सोडून. झाडाच्या जागी मोटार छान उभी राहील, असं ते जेवताना बोलून गेले आहेत. करवत बागकाम मंडळाला द्यावी.

३. बहीण एनिड हिला आईचं घड्याळ. आयव्ही गेल्यावर तिनं माझं घर सांभाळलं, पोरीच्या वेण्या घातल्या. ते उपकार मी मानतो. तिच्या एका वाक्याची मात्र माफी नाही, ते पुढे येतं.

४. आमच्याकडे हॉथॉर्नची फुलं घरात आणत नाहीत. आणली तर घरातलं माणूस जातं, म्हणतात. आयव्ही अंथरुणाला खिळली होती, डॉक्टरांनी ईस्टरलाच हात टेकले होते. मॉरीन सात वर्षांची. तिनं आईला दाखवायला एक फांदी आणून उशाशी ठेवली. त्याच आठवड्यात आयव्ही गेली. एनिड पोरीला म्हणाली, "तूच आणलंस गं मरण घरात!" तेव्हापासून मॉरीन मे महिन्यात या घराची पायरी चढलेली नाही.

मी दर मे महिन्यात फांदी उशाशी ठेवून ऐंशीचा झालो. तर ती म्हणते, "तुम्ही हट्टी म्हणून जगलात, बाबा." तिच्या आईचे तेव्हाचे शब्द सांगितले, तर म्हणते, "माझं मन राखायला रचताय." बापाच्या बोलण्यावर नाही, तर निदान साक्षीदारांसमोर लिहिलेल्यावर तिनं विश्वास ठेवावा. म्हणून शपथेवर लिहितो. पोर झोपल्यावर मी ती फांदी बाहेर टाकायला उचलली, तेव्हा आयव्हीनं माझा हात धरला. "राहू दे हो. मी निघालेच आहे, त्यात फुलांचा काय दोष? मला झाडापाशी जाता येत नाही, तर पोरीनं झाड माझ्यापाशी आणलं." आणि ती हसली. त्यानंतर मी तिला हसताना पाहिलं नाही.

मॉरीन, तिचं शेवटचं हसू तुझ्यामुळे होतं. हे मला तुला घराहून आधी द्यायचं होतं.

वरील मजकूर मी साक्षीदारांना मोठ्यानं वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही केली.

अँब्रोज हॅलम

साक्षीदार:
सिरिल बीबी, शेजारी.
ग्लॅडिस प्रॉसर, शेजारीण. (खोलीत फुलं होती म्हणून वाचन संपेपर्यंत दाराबाहेर उभ्या होत्या. सही आत येऊन, पलंगाशी बसून केली.)

लडलो, १९ मे १९९१