गोळधाण्याच्या दिवशी भरलेला फॉर्म

मी, लाभुबेन व्रजलाल कंसारा, वय चोपन्न, शिक्षण चौथी, राहणार कंसारा शेरी, शिहोर. हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. छातीचा फोटो बघून डॉक्टरांनी मान हलवली, म्हणून घाई. हात धरून कोणी लिहून घेतलेलं नाही. ज्यांना तशी सवय आहे त्यांचं नाव पुढे येईल.

१. राहतं घर, खाली दुकान आणि वर दोन खोल्या, माझी मुलगी भाविका हिला. जावयाला नाही, दोघांच्या नावावर नाही, तिच्या एकटीच्या. भाविकाला दोन वर्षांपासून साखर आहे. सासरी माहीत नाही. माझ्याकडे आली की इंजेक्शन घेते, तिकडे असली की चुकवते. त्या काळजीपायीच हा कागद.

२. नवऱ्याची ऐरण आणि भांडी मठारायचे हातोडे दीर प्राणजीवन याला. भाऊ दवाखान्यात पडला होता तेव्हा हा एकदाही फिरकला नाही. पण हात त्याचा चांगला आहे, आणि हत्यारांनी काय पाप केलंय?

३. यांच्या आरोग्य विम्याचे कागद लोखंडी कपाटात आहेत. जाळा. घेतला कसा, तेवढं लिहून ठेवते.

व्याही मनहरलाल विम्याचे एजंट. भाविकाचं लग्न ठरलं, सगळ्यांनी सोयरीक पक्की झाल्याचा गोळधाणा खाल्ला, आणि त्याच बैठकीत त्यांनी पिशवीतून फॉर्म काढला. म्हणाले, "वेवाणबेन, आजपासून एक घर. दुसऱ्याकडून विमा घेतलात तर नात्यात माझं नाक राहील का?"

आम्हांला हवा होता का, कोणी विचारलं? नाही म्हटलं असतं तर पोरीने जन्मभर ऐकलं असतं. आम्ही विमा घेतला तो आजाराला भिऊन नव्हे, व्याह्याला भिऊन.

मग तीस माणसांत विचारलं, "व्रजलालभाई, काही आजार? साखरबिखर?"

यांना सहा वर्षं साखर होती. हे तोंड उघडणार तोच मी म्हटलं, "छे हो! घोड्यासारखे आहेत. फक्त चणे खात नाहीत."

सगळे हसले. विहीणबाई म्हणाल्या, "बघा, निरोगी घरातली मुलगी आणतोय." त्यावर खरं कोण सांगणार?

चार वर्षांनी यांच्या किडन्या गेल्या. कंपनीने सरकारी दवाखान्यातला जुना केसपेपर शोधून काढला आणि हात वर केले. मनहरलाल म्हणाले, "मी विचारलं होतं, वेवाण. चारचौघांत विचारलं होतं."

"चारचौघांत विचारलंत म्हणून तर!"

त्यांना कळलं नाही. अजूनही नाही. हे गेले. खोटं मी बोलले, ते माझ्या माथी. त्यात कोणाला वाटा नाही.

४. सोन्याच्या दोन बांगड्या भाविकाला. विहिणीच्या कपाटात ठेवायच्या नाहीत. बँकेत जे निघेल ते तिच्या औषधाला. माझ्या तेराव्याला गोडधोड करू नये. ज्याला खायचंय त्याने आपल्या घरी खावं.

५. हा कागद दवे मास्तरांनी तेराव्याच्या दिवशी, मनहरलाल समोर असताना, मोठ्याने वाचावा. पहिलं कलम गाळायचं नाही.

भाविका, गुपित तुझं होतं, फोडलं मी. विचारलं असतं तर तू माझे पाय धरले असतेस, म्हणून विचारलं नाही. रागव. पण इंजेक्शन घे, सगळ्यांदेखत घे.

मनहरलालभाई, तुमच्या घरच्या विम्यात माझ्या लेकीच्या नावापुढे तुम्ही "आजार नाही" लिहिलंय. उद्याच कंपनीला खरं कळवा. हप्ता वाढला तर भरा. आणि अशी सून घरात ठेवायची लाज वाटत असेल तर आत्ताच बोला, सगळे बसलेच आहेत. घराची किल्ली मास्तर तिच्या हातात देतील.

सही: लाभुबेन व्रजलाल कंसारा
शिहोर, ११ फेब्रुवारी २०२३

आम्हां दोघांसमोर लाभुबेनने सही केली. आधी आम्हांला सगळं वाचायला लावलं.
साक्षीदार: गिरजाशंकर दवे, निवृत्त शिक्षक
साक्षीदार: रेहाना घांची, शिवणकाम