मुंजाबा काट्यावरून उठला

ती. बन्सीमामांस पुंडलिकनगरहून राजनंदिनीचा वाकून नमस्कार. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. मामीचा गुडघा वाकायला लागला का? तुमच्या बीपीची चौकशी मुद्दाम करत नाही. पुढचं वाचून ते वाढणारच आहे.

खुलताबाद रोडच्या कापसाच्या जिनिंगमधल्या वजनकाट्याचा प्रोग्राम तुम्ही तरुणपणी असेंब्लीत (म्हणजे जवळपास यंत्राच्याच बोलीत) लिहिला होता ना, तो नव्या कॉम्प्युटरवर आणायचं काम मालक आप्पासाहेबांनी माझ्याकडं दिलं. मी नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुन्याचं सोंग घेणारं व्हर्च्युअल मशीन बसवलं आणि तुमचा कोड दुरुस्त करायला घेतला. त्यात एक ओळ अशी की प्रत्येक वजनातून एका माणसाएवढं वजन वजा! आप्पासाहेबांना विचारलं, तर म्हणाले, "आपला राखणदार मुंजाबा. काट्यावरच बसायचा, लई सांगितलं तरी उठायचा नाय. मग तुझ्या मामानंच हा तोडगा काढला." मुंजाबा गेल्या दिवाळीत वारला. म्हणून ती ओळ मी काढून टाकली.

मामा, रिकामा काटा एक माणूस दाखवायला लागला.

काट्याचा मेकॅनिक हनुमान याला बोलावलं. त्यानं खालचे सेन्सर काढले, पुसले, बदलले. (पालींचा एक संसार निघाला, पण पाली एवढ्या जड नसतात.) प्रमाणित वजनं ठेवून पाहिली, प्रत्येक वेळी एक माणूस जास्तच. ओळ परत घातली, तर बरोबर शून्य. "माझ्याच कोडात चूक असेल," मी म्हणाले. हनुमान चपला हातात घेऊन काट्यावरून हळूच उतरला.

आप्पासाहेब म्हणाले, "बसू दे की बिचाऱ्याला. शेतकऱ्याच्या कापसात धरला जाऊ नये म्हंजे झालं." मी इंजिनिअर आहे, मामा. तरी ओळ ठेवली, आणि आता काट्याला वळसा घालून जाते.

मामीला नमस्कार.

तुमची भाची,
राजनंदिनी

ता. क. वरचं सगळं गंमत म्हणून लिहिलंय. मी घाबरलेली वगैरे नाही.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात आप्पासाहेबांचा फोन आला. कालपासून रिकामा काटा शून्याच्या खाली गेलाय, एका माणसानं. म्हणजे मुंजाबा उठला. आणि काल तिकडून येताना माझी स्कूटी उतारालासुद्धा डबलसीट असल्यासारखी जड चालत होती. आता ती खाली उभी आहे, मागची सीट दबलेलीच. तो फक्त तुमचंच थोडंफार ऐकायचा म्हणे. मामा, मिळेल त्या गाडीनं या.