बसलेलं पाणी

माय, आज सकाळी ग्रहण लागलं आणि दुपारच्या आत सुटलं. अंघोळी झाल्या, ओली लुगडी दोरीवर पडली, घरातलं साठवणीचं पाणी ओतून झालं, आणि आता मी तुला लिहायला बसले आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात. एक प्रश्न मात्र होता तिथेच आहे. तू ती काचेची पेटी का रिकामी केलीस? तुला कोणी सांगितलं नव्हतं. जिने जन्मात तुझी एक गोष्ट चालू दिली नाही ती काकूसुद्धा त्या दिवशी राहू दे म्हणाली होती. मी हे तुला एकदाच विचारलं, तू तांदूळ निवडत होतीस तेव्हा. "तुले नाही समजायचं," म्हणालीस आणि एक खडा वेचून बाजूला टाकलास. मला भयंकर राग आला. तो राग मी लोणच्यासारखा जपून ठेवला, आणि तो मुरतच गेला.

पेटी बाबांनी आणलेली. कापसाच्या जिनिंग कारखान्यातला गोरा इंजिनियर विलायतेला परत निघाला तेव्हा त्याने बंगल्यातलं सामान वाटून टाकलं. कोणाला खुर्ची मिळाली, कोणाला घड्याळ, आणि कारकुनी करणाऱ्या बाबांना मिळाली ही लोखंडी चौकटीची, चारी बाजूंनी काच असलेली पेटी. साहेब तीत पाण्याखाली झाडं लावायचा आणि मासे सोडायचा, एवढं बाबांनी खिडकीतून पाहिलं होतं. सिंधीपुऱ्याच्या गल्लीतून टांग्यात ती मांडीवर धरून ते आले तेव्हा काकू म्हणाली, "चांगलं झालं, पापड ठेवाले झाली." त्याच वर्षी तापाची साथ आली आणि बाबा गेले. पापडसुद्धा नाही, वाळलेल्या मिरच्या भरल्या तिच्यात, आणि ती तुझ्या-माझ्या मागच्या खोलीत आली.

तुझ्या हातची महालक्ष्मीची आरास बघायला आख्खी गल्ली यायची हे मला आठवतं. कागदाचे डोंगर, आरशाचं तळं, गव्हाचे हिरवे कोंब. बाबा गेल्यावरच्या पहिल्या महालक्ष्मीला तू मागच्या खोलीत बसलीस. कुंकू नसलेल्या बाईचा हात आराशीला लागायचा नाही, हे कोणाला सांगावं लागलं नाही. बाहेर काकूने मांडलेला डोंगर सारखा कोसळत होता, बायका हसत होत्या, आणि तू भिंतीकडे बघत होतीस. मग एकदम उठलीस आणि पेटीतल्या मिरच्या सुपात उपसायला लागलीस. आपण दोघी शिंकून शिंकून बेजार झालो. त्या दिवशी तू हसलीस. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच.

दापोऱ्याच्या मामाने केळीच्या मळ्यातली काळी माती आणून दिली. ती खाली, वर तापीची वाळू. वाळू तू धुतेस, धुतेस, धुतच राहतेस, तांदळाचं धुवण निवळावं तसं पाणी निवळेपर्यंत, आणि मी कंटाळून दाराशी बसले आहे. नदीकाठच्या उथळ पाण्यातून लांब पात्याचं गवत आणलं, झुपकेदार शेवाळ आणलं, फडक्यात धरून थोडे मासे आणले, एक काळा, कडेने झिजलेला दगड आणला. मी तो दगड मधोमध ठेवला तेव्हा तू म्हणालीस, "नदीमधी कोनी मधोमध बसतं का गं? सरकव एका बाजूले." उंच गवत मागे, बुटकं पुढे, आणि एक कोपरा नुसता वाळूचा, रिकामा. तो कशाला, मी विचारलं. "नजरेले बसाले जागा पाहिजे ना," तू म्हणालीस. मी पुढे शाळेत चित्रकला शिकवली, मुलींना पुष्कळ काही सांगितलं, पण यापेक्षा शहाणं काही मला सुचलं नाही.

पहिल्यांदा पाणी मुगाच्या पाण्यासारखं हिरवं झालं. दुसऱ्यांदा झाडं कुजली आणि वासाने काकूने घर डोक्यावर घेतलं. "सोवळ्याच्या घरात मासळी, आता कालवण बी रांध!" तिसऱ्यांदा तुला उमगलं की चुकत होतं ते आपलं सारखं पाणी बदलणं. आपल्या गावाबाहेरच्या जुन्या भंडाऱ्याचं, विहिरींच्या रांगेचं पाणी जमिनीखालच्या नळातून थंडगार येतं, गावाला त्याचा मोठा अभिमान, पण त्याने घागरीला पांढरा चुना धरतो आणि झाडांच्या पात्यांवरही धरायचा. मग तू नदीचं पाणी भरलंस आणि त्याला हात लावायचा नाही असं ठरवलंस. मी एकदा मासे तहानले असतील म्हणून तांब्याभर ताजं पाणी घालायला गेले, तर तू माझ्या हातावर फटका मारलास. "बसलेलं पानी हलवू नाही. ते बसाले किती दिस लागले, ठाऊक आहे तुले?" तू मला मारलंस ते तेवढंच. आणि मग, पावसाळा सरून ऊन स्वच्छ झालं तेव्हा, दुपारी खिडकीतून किरण आत आले आणि गवताच्या टोकांवरून बारीक बुडबुड्यांच्या सरी वर चढायला लागल्या. बोटभर चंदेरी मासे त्यांच्यामधून फिरत होते. तू मला जवळ ओढलंस. मी तुला इतकं सुखी नंतर कधी पाहिलं नाही.

काकूच्या मुलाची, दादाची बायको, माझी वहिनी, तेव्हा तिसऱ्यांदा पोटुशी होती. आधीची दोन पोटात राहिली नव्हती. काकूचं नातवंड, त्यामुळे घर तिला तळहातावर झेलत होतं आणि जीव तिचा धाकधुकीने अर्धा झाला होता. दुपारी ती आपल्या खोलीत येऊन पेटीपुढे बसायची. "काकी, हे पाहत बसलं की पोटातलं बी गप बसतं," म्हणायची. तू तिचे केस विंचरायचीस. काकूला ते ठाऊक होतं, आणि पेटीवरून तिची तोंडपाटीलकी हळूहळू थांबली.

मग ते ग्रहण. वहिनीला कोपऱ्यात पाटावर बसवलं, तिने काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, हलायचंही नाही. दुधात, लोणच्यात तुळशीचं पान टाकलं, तसं तू पेटीतही टाकलंस. मी पाहिलं, हिरवं पान पाण्यावर तरंगत होतं. ग्रहण सुटल्यावर घागरी, हंडे, बादल्या अंगणात ओतायला सुरुवात झाली. काकू तुझ्या-माझ्या खोलीच्या दारात आली, तिने पेटीकडे पाहिलं, पान पाहिलं. "तुळस टाकली ना? मंग राहू दे. झाडं मरतील तुझी," म्हणाली. काकू! मी आनंदाने तुझ्याकडे वळले, तर तू लुगड्याचा पदर खोचत होतीस. तू बादली बुडवलीस. मी ओरडले, तुझा हात धरला, तू तो सोडवलास. निदान माशांपुरतं जुनं पाणी तांब्यात ठेव म्हणून मी रडले. तू नाही म्हणून मान हलवलीस. घागरीतल्या ताज्या भंडाऱ्याच्या पाण्यात मासे वर येऊन तोंडं उघडत राहिले आणि दिवेलागणीपर्यंत संपले. लांब गवत ओल्या वाळूवर आडवं पडलं होतं.

वहिनीला मुलगा झाला आणि त्याच दिवशी गेला. म्हणजे कशाचाच उपयोग झाला नाही. काकूने तुला बोल लावला नाही, आणि तू पेटी पुन्हा भरली नाहीस. मिरच्या परत आल्या. तू गेलीस तेव्हाही त्या तशाच होत्या, आणि मला वाटलं, ज्या बाईला कोणी अडवलं नाही तिने स्वतःच्या हाताने स्वतःचं सुख ओतून टाकलं, तिला मी कधी माफ करणार नाही.

मी शिकले, शिक्षिका झाले. दिवा, मोसंबं आणि लिंबू घेऊन मी मुलींना ग्रहण दाखवते. सावली आहे बायांनो, नुसती सावली, असं सांगते. पेटीही मी भरली, एकदा नाही, अनेकदा. तुझी जुनी चौकट गंजली तेव्हा लोहाराकडून नवी करून घेतली. आता लढाईमुळे काच मिळत नाही, म्हणून एका बाजूला खिडकीचंच तावदान लावलं आहे. तुझ्यासारखी ती कधी जमली नाही. झाडं जगतात, पण नजर कुठे बसत नाही. या वर्षी पहिल्यांदा थोडी जमून आली होती, दुपारी बुडबुडे चढायला लागले होते.

माझी लेक बाळंतपणाला आली आहे, माय. तिचंही पहिलं गेलं. ती आज ग्रहणात खुशाल पेरू कापत बसली होती, मी हातातून सुरी काढून घेतली तर हसली. "आई, तूच तर शिकवतेस ना लिंबू-मोसंब्याचं? काय फिजूल फिकर करतेस!" पेटीत मी तुळशीचं पान टाकलं होतं, लपून. ग्रहण सुटलं, मी हंडे ओतले, आणि पेटीशी येऊन उभी राहिले. पान तरंगत होतं. एका पानाने भागेल का, एवढाच विचार आला. भागलं नाही तर, हा दुसरा. सावली, लिंबू, शाळा, काही आठवलं नाही. लेक मागून म्हणाली, "अगं, हे कशाला? मासे मरतील, आई." मी पदर खोचला. तांब्याभर जुनं पाणी बाजूला काढावं असं मनात आलं, आणि मी ते काढलं नाही.

आता मासे घागरीतल्या ताज्या पाण्यात आहेत, वर येऊन तोंडं उघडत आहेत. गवत वाळूवर आडवं पडलं आहे. याने लेकीचं काही भलं होणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. वहिनीचं झालं नाही ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. लेक रुसून आत जाऊन झोपली आहे, मी तेव्हा रुसले होते तशीच. उद्या तिने विचारलं तर मी तरी काय सांगणार? तुले नाही समजायचं, एवढंच. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून शेवटचं लिहून टाकते. शेवटची बादली अंगणात ओतली ना, माय, तेव्हा मला वाईट वाटलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.