डाव्या बाजूचा बॉल

घाटकोपर,
रविवार, १७ नोव्हेंबर १९५७

प्रिय जयवंत,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसतो आणि रोज काहीतरी निमित्त काढून उठतो. आज नलिनी मुलुंडला तिच्या आत्याकडे गेलीय, जेवणं उरकलीत, आणि उठायला निमित्त राहिलेलं नाही. उजवा गुडघा समोरच्या स्टुलावर ताणून ठेवलाय आणि त्यावर मिठाची पुरचुंडी बांधलीय. अक्षर वाकडं आलं तर त्याला बोल लाव.

बातमी तुझ्यापर्यंत पोचलीच आहे. कारखान्याच्या फुटबॉल टीमला मास्तर नेमायचाय. तुझ्या वेळचे वेल्फेअर ऑफिसर रिटायर झाले, आता सबनीस म्हणून नवे साहेब आलेत. त्यांनी बोलावून मला विचारलं. उद्या सोमवारी उत्तर द्यायचंय. हो म्हटलं तर सकाळी ऑफिसात टेबलाशी बसायचं आणि संध्याकाळी मैदानावर पोरांना खेळवायचं. नाही म्हटलं तर पॅकिंग खातं, आठ तास उभ्यानं खोकी ठोकायची. डॉक्टरनं सांगितलंय की मॅच तर विसराच, जिनेसुद्धा बेतानं चढा. पहिल्या दिवशी ऐकलं तेव्हा नलिनीनं देवापुढे साखर ठेवली. यात विचार करण्यासारखं काय आहे, असं तिला वाटलं. कोणालाही तसंच वाटेल.

खरं सांगू, दमलोय रे. तेरा मोसम झाले. आपल्या जागेवरच्या माणसाचं नशीब तुला वेगळं सांगायला नको. फॉरवर्ड दहा वेळा चुकला आणि अकराव्यांदा गोल मारला की त्याला हार. बॅक दहा वेळा वाचवतो ते कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि अकराव्यांदा चुकला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचं नाव छापून येतं. माझं नाव सगळं मिळून चार वेळा छापून आलं. चारही कात्रणं नलिनीनं कौतुकानं जपून ठेवलीत. तिला इंग्रजी वाचता येत नाही ते बरं आहे. उरलेलं सगळं अंगावर आहे. दोन दात, डाव्या भुवईवरचा टाका, सकाळी उठल्यावर आधी भिंत धरायची ही सवय, आणि आता हा गुडघा. शेवटचा मोसम तर मी नुसता जागेवर उभं राहून काढला. समोरचा पोरगा कुठे वळेल ते मला त्याच्या आधी कळायचं, पण तिथे पोचायचा तो आधी.

आपण कारखान्यात लागलो तो दिवस आठवतो का? भांडुपच्या त्या मैदानावर, मिठागराच्या कडेला, आपल्यासारखी वीसेक माणसं रांगेत उभी होती. सर्टिफिकेट कोणी मागितलं नाही. टीमच्या कॅप्टननं एकेकाला पाय पुढे करायला सांगितलं आणि, तेव्हा अनवाणीच खेळायचं म्हणून, बैल घ्यावा तसे तळवे चाचपून पाहिले. तुझी टाच बघून तो म्हणाला, ‘हा चालेल, याला काटा टोचायचा नाही.’ मी तुझ्या शेजारी उभा होतो, तू कोणत्या गावचा म्हणून विचारलंस, मी देवगडकडचा म्हटल्यावर कॅप्टनला तूच सांगितलंस की आम्ही दोघं जोडीनं खेळतो. त्याआधी आपण एकमेकांना पाहिलंसुद्धा नव्हतं. तुझ्या त्या थापेवर मला नोकरी लागली.

मग खरोखरच जोडी झाली. तू उजवा बॅक, मी डावा. बाकीच्या टीमा इंग्रजीत ओरडायच्या, आणि समोरच्यालाही ते कळायचं. आपण मालवणीत ओरडायचं ठरवलं. बॉल ज्याच्या बाजूला येईल त्यानं बोलायचं. ‘माझो’ म्हटलं की दुसऱ्यानं मागे सरकून जागा झाकायची. ‘तुझो’ म्हटलं की दुसऱ्यानं डोळे मिटून जायचं, का आणि कसं हे विचारायचं नाही. आठ मोसम आपण त्या दोन शब्दांवर काढले. तू एकदाही वळून बघितलं नाहीस. मी बघायचो कधीकधी, ते तुला ठाऊक नाही.

त्रेपन्नच्या मोसमात बूट आले. आदल्या वर्षी आपले लोक परदेशात जाऊन थंडीत अनवाणी खेळले आणि हात हलवत परतले, त्यानंतर सगळ्यांना बूट सक्तीचे झाले. कारखान्यानं दिलेले ते बूट लाकडासारखे होते. पहिल्या सरावात माझ्या दोन्ही टाचा सोलल्या. तेव्हा आपण काय शहाणपणा केला तो आठव. अंगाला, केसांना, दाराच्या कडीला, सगळ्याला खोबरेल लावणारी आपली माणसं. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ बुटांना खोबरेल चोळलं. चामडं मऊ झालं ते झालंच, वर इतकं सैल पडलं की पाय आत पोहायला लागला. मुंग्या लागल्या त्या वेगळ्याच. कॅप्टन म्हणाला, ‘दोघं बॅक आहात की भजी तळताय?’ सगळी टीम हसली, आपणही हसलो. दुसरे बूट मिळणार नव्हते. चिंध्या कोंबून तेच घालून खेळलो.

आणि मग लीगची ती मॅच, कूपरेजच्या मैदानावर. त्या आठवड्यात प्रांताच्या निवडीसाठी तुझं नाव गेलं होतं. माझं नव्हतं. समोर एका तेल कंपनीची टीम, आणि त्यांचा तो आडदांड सेंटर फॉरवर्ड, लहानपणापासून बुटात वाढलेला. पंधरा दिवसांपूर्वीच त्यानं एकाची नडगी फोडली होती. हाफटाइमला लिंबाच्या फोडी चोखत आपण त्याच्याचबद्दल बोललो. खेळ संपायला दहा मिनिटं असताना उंच बॉल आला, माझ्या बाजूला, माझ्यापासून चार पावलांवर टप्पा पडला. तो धावत आला. तू उजवीकडून तिरका धावत गेलास, अर्ध्या पावलानं उशिरा पोचलास, आणि तो आवाज झाला. प्रेक्षकांच्या तंबूपर्यंत ऐकू गेला म्हणतात. पुढचं तुला माहीत आहे. निदान मी जे सांगितलं ते तुला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात तू शुद्धीवर आलास. पाय वर टांगलेला, ओठ पांढरे. तू मला विचारलंस, ‘दशरथा, तू “तुझो” म्हणालास ना रे?’ कॅप्टन आणि तेव्हाचे साहेब तुझ्या उशाशी उभे होते. मी म्हणालो, ‘नाही रे, मी “माझो” म्हणालो.’  मग साहेबांना तू स्वतःच म्हणालास की ऐकण्यात माझीच चूक झाली, दशरथाचा बॉल होता, मी उगाच मध्ये घुसलो. साहेबांनी तेच लिहून घेतलं. प्रांताच्या यादीत नाव आल्यावर पोराच्या डोक्यात हवा गेली, असं सगळे म्हणाले. आदल्या वर्षी आपल्या गोलकीपरचं मनगट गेलं तेव्हा त्याला फाटकावर हलकं काम मिळालं होतं. तुला ते मिळालं नाही, कारण तू आपल्या हट्टानं पाय मोडून घेतलास असं कागदावर होतं. तू गावी, आचऱ्याला गेलास. मी बोटीवर तुझी ट्रंक चढवून दिली, आणि तू मला म्हणालास, ‘तुझी मॅच घालवली रे मी.’

आता सरळ लिहितो. मी ‘तुझो’च म्हणालो होतो. तू बरोबर ऐकलंस. बॉल माझा होता, चार पावलांवर होता, सैल बुटांतसुद्धा मी पोचलो असतो. पण तो माणूस येताना दिसला आणि मी भिऊन पाऊल मागे घेतलं. नलिनीला तेव्हा सातवा महिना होता, तो जीव पुढे राहिला नाही ते तुला ठाऊक आहे. त्याची ढाल मी या चार वर्षांत मनातल्या मनात पुष्कळ वेळा केली, पण त्या क्षणी मला नलिनी आठवली नव्हती. प्रांताच्या यादीवरून तुझा हेवा वाटत होता का? वाटत होता. पण तोही त्या क्षणी नव्हता. फक्त माझी नडगी होती. मी ओरडलो, आणि तू नेहमीसारखा न बघता गेलास. इस्पितळात खोटं बोललो ते मात्र भीतीनं नाही, ते विचार करून. साहेब समोर होते.

परवाच्या गुरुवारी सबनीस साहेबांनी मला पोरांचा सराव घ्यायला लावला, कसं जमतंय ते बघायला. दोन नवे बॅक उभे होते. त्यांना पहिलं काय शिकवायचं? हेच, की जोडीदारानं हाक दिली की डोळे मिटून जायचं. ते सोडून मी त्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या आणि घरी आलो. नलिनी ताट वाढत होती, तिला सगळं सांगितलं. तिनं ताट तसंच ठेवलं. म्हणाली, ‘मला कशाला सांगताय? ज्याचा पाय गेला त्याला सांगा.’ तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. शुक्रवारी साहेबांकडे गेलो. म्हटलं, त्रेपन्न साली जयवंताबद्दल कागदावर लिहिलं गेलं ते खोटं आहे, चूक माझी होती, हे खोडा. त्यांनी चहा मागवला. ‘कुठली मॅच, दशरथ?’ म्हणाले. मी सांगितली. म्हणाले, ‘ते साहेब रिटायर झाले, तो कागद आता कुठे सापडणार? झालं गेलं विसरा ना, सोमवारी तेवढं हो म्हणा.’ इतकी वर्षं मी ज्या गोष्टीला भीत होतो ती सांगून झाली, आणि कोणाला तिचं काहीच वाटलं नाही. चहा पिऊन खाली उतरलो. उद्या मी नाही म्हणणार आहे. पॅकिंग खात्यात खोकी ठोकायला गुडघा नाही म्हणेल तोपर्यंत ठोकीन.

हे सगळं चार वर्षं लिहिलं नाही, कदाचित पुढेही लिहिलं नसतं. तुझ्या पत्रानं लिहायला लावलं. तू अभिनंदन केलंस, सायकलचं दुकान बरं चाललंय म्हणून कळवलंस, इथवर मी वाचू शकलो. पण शेवटी तू लिहिलंस, ‘पोरांना माझी गोष्ट सांग. जोडीदाराचं नीट ऐकलं नाही की काय होतं ते त्यांना कळेल. माझा पाय तेवढ्या तरी कामाला येईल.’ ते वाक्य मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्यालाही तू हेच सांगत असणार, हसत, स्वतःच्याच कानांना नावं ठेवत. जयवंता, तुझे कान चांगले होते. तू या खेळात एकदाही चुकला नाहीस. माफी मागत नाही, ती द्यायचं ओझं तुझ्यावर कशाला. या पत्राला उत्तर दिलं नाहीस तरी मला समजेल. एवढंच कर, यापुढे कोणी विचारलं की पाय कसा मोडला, तर माझं नाव सांग.

अजूनही स्वतःला तुझाच म्हणवणारा,
दशरथ