पुढची सीट

सोलापूर,
५ फेब्रुवारी २०२६

प्रिय रुपाली,

आज पाण्याचा दिवस होता. पहाटेच नळ आला, टाकी आणि पिंपं भरून घेतली. मग अंघोळ, पूजा. कालची ज्वारीची भाकरी होती, ती दही आणि शेंगाचटणीबरोबर खाल्ली. नंतर गाड्यांच्या शोरूममध्ये जाऊन आलो. दुपारी पडलो, पण डोळा लागला नाही. आता उन्हं कलली आहेत आणि लिहायला बसलो आहे. फोनवर तू गाडीचं विचारतेस, मी "बघू" म्हणतो आणि तू चिडतेस. मला बोलताना सुचत नाही. घरात बोलायचं काम तुझ्या आईकडं होतं, मी शेजारी उभा असायचो.

गाडीचं ठरलं, हे आधी सांगतो. राखाडी गाडी तू आणि विरेशरावांनी पुण्यात बसून पसंत केलेली. अपघाताच्या चाचणीत चांगले गुण, सहा एअरबॅग, मागं सामानाला भरपूर जागा. दुसरी, पांढरी, तिच्यापेक्षा चार बोटं उंच, पण ॲव्हरेज जरा कमी आणि मागं तिसरा माणूस दाटीनंच बसणार. विरेशरावांचं म्हणणं मला पटत नव्हतं असं नाही. कागदावर राखाडीच चांगली आहे. मी पैशामुळं किंवा भीतीमुळं थांबलोय असं तुम्हाला वाटत होतं, तसं मात्र नव्हतं. आईचं मत घ्यायचं राहिलं होतं.

दसऱ्याच्या आधी आम्ही दोघं गाड्या बघत फिरलो. आई इंजिनाचं काही ऐकून घ्यायची नाही. सांगणाऱ्याला म्हणायची, "ते ह्यांना सांगा, मला फक्त बसायचंय." एका ठेंगण्या गाडीत बसली आणि उठताना म्हणाली, "ह्यातनं उतरायचं म्हणजे विहिरीतनं वर यायचं." मी गाडीभोवती फेऱ्या मारत होतो तर सगळ्यांसमोर मला म्हणाली, "मुलगी बघायला आल्यासारखं लांबनं काय बघताय? बसा की आत." शोरूममधली पोरं हसली. राखाडी आणि पांढरी, ह्या दोन्हींत मात्र ती पुढच्या सीटवर दार लावून, डोळे मिटून बराच वेळ बसली. कोणती, म्हणून मी विचारलं. "साकु री," कानडीत म्हणाली, "आता पुरे. दमले मी. घरी गेल्यावर सांगते," म्हणाली. घरी आल्यावर विषय निघाला नाही. दिवाळीच्या आत ती गेली.

संक्रांतीनंतर मी एकटाच परत गेलो. गड्ड्याच्या जत्रेला काही यंदा गेलो नाही, पण शोरूमला गेलो. तिथं युवराज म्हणून एक सेल्समन आहे, जेऊरचा. तालमीतला दिसतो, आडदांड, बोलायला मोकळा. आधी राखाडी चालवून बघितली. तो सवयीनं माझ्या शेजारी बसायला निघाला, तर मी त्याला मागं बस म्हणालो. का म्हणालो ते मलाही सांगता येणार नाही. त्या जागी कुणी बसलेलं मला बघवलं नसतं. विजापूर रोडला लांबपर्यंत जाऊन आलो. गाडी चांगली आहे, आवाज नाही, खड्डे कळत नाहीत. पण परत येईपर्यंत मला सारखं वाटत होतं की ही गाडी रिकामी आहे.

मग पांढरी काढली. चालू केली आणि लगेच टुंग टुंग वाजायला लागलं. समोर मीटरमध्ये एक लाल चित्र लागलं. बसलेला माणूस आणि त्याच्या छातीवरून पट्टा, असं ते चित्र असतं. शेजारी बसलेल्यानं सीटबेल्ट लावला नाही, असा त्याचा अर्थ. युवराज मागून वाकून म्हणाला, "काका, पिशवी ठिवली का पुढच्या सीटवर?" सीटवर काही नव्हतं. त्यानं हात फिरवून बघितला. "सेन्सर येडा झालाय. तुमी पट्टा लावून टाका, गप बसतंय बघा." मी रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून खटक्यात बसवला. आवाज थांबला.

सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलो तेव्हा माझं डावीकडं लक्ष गेलं. रिकाम्या सीटवरचा पट्टा पाठीला चिकटून सपाट राहतो. हा राहिला नव्हता. खांद्यापासून कमरेपर्यंत तो सीटपासून वीतभर पुढं होता, सैलसर, माणसाच्या अंगावर असतो तसा. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी गाडी पुढं काढली. युवराजनंही बघितलं असावं, कारण तिथून पुढं त्यानं गाडीचं कौतुक सांगणं बंद केलं.

आपल्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, बसवून पुरतात, ते तुला सांगायला नको. पण त्या दिवशी तू पुण्याहून पोचलीस तोवर आईला बसवून झालं होतं. कलू नये म्हणून संगप्पाकाका तिच्या छातीवरून कापड घेऊन मागच्या फळीला बांधत होते. मी म्हणालो, "सैल बांधा, तिला दम लागतो." काकांनी माझ्याकडं बघितलं, बांधलेली गाठ सोडली आणि पुन्हा सैल बांधली. तुला हे कुणी सांगितलं नसेल. मंद्रूपच्या शेतात तिला तशीच बसलेली खाली उतरवली.

त्यानंतर मी बऱ्याचदा शोरूमला गेलो. मी पांढरी चालू केली की ती वाजायची, पट्टा लावला की थांबायची. युवराज म्हणाला, "दुसऱ्या गिऱ्हाइकाबरोबर एकदाबी वाजली न्हाय, काका. वर्कशॉपवाल्यांनी सीट खोलून बघितली, फॉल्ट सापडत न्हाय." एकदा तो ईर्ष्येला पेटला. "आज मीच बसतो पुढं, बघू की काय होतंय." माझ्या मनात नव्हतं, पण नको कसं म्हणू? तो बसला, त्यानं पट्टा लावला आणि गाडी गप्प राहिली. त्याला आनंद झाला. "बघा, माणूस बसलं की सरळ येतंय बेनं!" गाव मागं पडलं तसं त्याचं बोलणं कमी होत गेलं. एकदा त्यानं काच खाली केली. मग म्हणाला, "काका, जरा बाजूला घ्या." उतरून तो रस्त्याकडेला गुडघ्यावर हात टेकून वाकला आणि तोंड उघडून श्वास घेत राहिला. दम्याच्या माणसाचा श्वास आवाजावरून ओळखू येतो. इतकी वर्षं शेजारी झोपून मी तो ऐकला आहे. "हितं लई दाटल्यागत होतंय. मी मागं बसतो," म्हणाला. आईच्या दम्याबद्दल मी त्याला कधीच काही सांगितलं नव्हतं. तो मागं बसला. मी गाडी चालू केली आणि ती वाजायला लागली.

आज मॅनेजरला भेटलो. मला हीच गाडी हवी आहे म्हणालो. ते म्हणाले, "काका, ही डेमोची आहे. शंभर लोकांनी फिरवलीय, वर तो सेन्सरचा त्रास. ह्याच मॉडेलची नवी कोरी आणून देतो की!" मी म्हणालो, नवी नको, आणि ह्या सीटला कुणी हात लावायचा नाही. त्यांना वाटलं मी भाव पाडतोय. कमीही केला त्यांनी, मी न मागता. युवराज लांब उभा होता. तो म्हणाला, "द्या की सायेब. काकांचीच हाय ती." निघताना बघितलं, तर गाडीचं डावीकडचं दार तो लावत होता. एरवी धाडकन आपटणारा माणूस, पण आत म्हातारं माणूस बसलेलं असलं की लावतात तसं हळू लावत होता.

शिवरात्रीच्या आधी गाडी घरी येईल. तुला स्टेशनवर घ्यायला मी तीच घेऊन येणार आणि तिथून आपण शेतात आईकडं जाणार, म्हणून हे पत्र. जुन्या गाडीत तू नेहमी माझ्या शेजारी बसतेस. आई गेल्यापासून तर वाटभर माझ्या दंडावर हात ठेवून असतेस, ते मला बरं वाटतं. पण ह्या वेळी मागं बस. पुढचं दार उघडू नकोस. पट्टा लावलेला दिसेल, तो काढू नकोस आणि स्टेशनवर मला काही विचारू नकोस. विरेशरावांना सांगायचं की नाही ते तू ठरव, फक्त त्यांनी दुरुस्तीचा माणूस पाठवू नये. मी जेवतो, औषधं घेतो, माझं डोकं ठिकाणावर आहे. ती तुझी आईच आहे असं मला वाटतं. पण तसं असावं असं मला फार वाटतं, हेही मला कळतं. युवराजसारखा माणूस तिथं पाच मैल टिकला नाही. म्हणून माझी खात्री होईपर्यंत तुला मी त्या सीटवर बसू देणार नाही.

गच्चीवरचं धुणं वाळलं असेल. ते काढून आणतो आणि घड्या घालतो.

तुझाच,
अप्पा