साडूचा मेलेला तारा

६ जानेवारी, सकाळी

रोजनिशी जरा उशिराच सुरू होते आहे, कारण वर्षाचे पहिले दिवस लिहिण्यासारखे नव्हते. आजचाही नाही. फक्त साडूचा फोन आला.

साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दातांचा डॉक्टर. आकाशाचं वेड त्याला मीच लावलं. आमच्या गच्चीवर माझ्या दुर्बिणीतून शनीची कडी पाहिली तेव्हा आ वासून उभा राहिला होता. महिन्याभरात माझ्यासारखीच दुर्बीण, माझ्यासारखाच कॅमेरा. मी काही बोललो नाही. मोठेपणा लागतो.

आज म्हणतो, दादा, काहीतरी सापडलंय. फोटो पाठवला. काळ्या आकाशात एक हिरवट-निळा धागा, केसाएवढा. कुठल्याच नकाशात नाही म्हणे. फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष असेल का, असं विचारत होता.

माझं चष्म्याचं दुकान आहे. आयुष्य काचा पुसण्यात गेलं. डाग मला लांबून कळतो. कॅमेऱ्यापुढचा फिल्टर पुसून बघ, म्हटलं.

मत्सर वगैरे अजिबात नाही. मुद्दाम लिहून ठेवतो.

७ जानेवारी

पुसून बघितलं म्हणे. धागा आहे तिथेच आहे.

नीट पुसलं नसेल.

१९ जानेवारी, रविवार

साडूनं तो फोटो विद्यापीठातल्या खगोलशास्त्राच्या प्राध्यापक बाईंना पाठवला. मला न विचारता. आणि बाईंनी चक्क उत्तर दिलं!

त्यांचं म्हणणं असं: मोठा तारा मरताना फुटतो. त्याचं कवच हजारो वर्षं फुगत राहतं, विरत जातं, आणि वाटेतल्या वायूवर आदळतं तिथे ऑक्सिजन असा हिरवट-निळा चमकतो. हा धागा अशा कवचाचा काठ असू शकेल. बाई मोठ्या दुर्बिणीवर वेळ मागून घेणार आणि धाग्याच्या उजेडाची फोड करणार. त्यात गंधकाचा उजेड भरपूर निघाला, तर तिथे धडक झाली हे नक्की.

ही शाळेत केमिस्ट्री शिकवते. गंधक म्हटल्याबरोबर हिनं जेवताजेवता फोन हातात घेतला आणि बहिणीच्या नवऱ्याशी तासभर बोलली. मी नव्या लेन्सच्या कोटिंगबद्दल सांगत होतो ते वाक्य अर्धंच राहिलं. ताटही गार झालं. हिचं.

गंधक निघणार नाही. मला आतून माहीत आहे.

११ फेब्रुवारी

गंधक निघालं.

१२ फेब्रुवारी

दुकानात लक्ष लागलं नाही. एका आजोबांना दुसऱ्याच आजोबांचा चष्मा दिला. ते म्हणाले, कितीतरी दिवसांनी इतकं स्वच्छ दिसतंय. म्हणजे माझा हात अजून चांगलाच बसलेला आहे.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन. धाकट्या जावयाचं कौतुक सांगून झाल्यावर म्हणाल्या, आणि जावईबापू, तुम्हाला काय सापडलं? मी म्हटलं, शोध चालू आहे. त्या म्हणाल्या, सापडेल हो, पलंगाखाली बघितलंत का? ऐकू कमी येतं त्यांना. त्यांना वाटलं माझं काहीतरी हरवलंय.

१५ फेब्रुवारी, रात्री जेवणानंतर

साडू आणि मेहुणी आले होते. साडूच्या हातात मिठाई, चेहऱ्यावर नम्रपणा. नम्रपणाच जास्त खुपतो.

मुद्दा असा. अवशेष त्याच्या दुर्बिणीच्या टापूपेक्षा बराच मोठा असावा, असं बाईंना वाटतं. हा धागा म्हणजे वर्तुळाची पूर्वेकडची कड. पश्चिमेकडची कडही सापडली, तर अख्खं कवच हाती येईल आणि शोध पक्का होईल. पण धागा इतका फिकट, की एकेका तुकड्यावर रात्रीच्या रात्री कॅमेरा रोखून ठेवावा लागतो. एप्रिल लागला की तो भाग सूर्याच्या उजेडात बुडणार. परदेशातली एक टोळीही याच भागात शोधते आहे, असं बाईंच्या कानावर आलंय. साडू म्हणाला, दादा, पश्चिमेची बाजू तुम्ही घ्या ना. तुमची दुर्बीण तीच, कॅमेरा तोच. फिल्टर माझ्याकडे जादा आहे.

म्हणजे मी त्याचा मदतनीस! माझ्याच गच्चीवर!

मी म्हटलं, माझं स्वतःचं संशोधन ऐन भरात आहे. मेहुणीनं विचारलं, कसलं हो भाऊजी? मी म्हटलं, एवढ्यात जाहीर करता येणार नाही.

ते गेल्यावर ही बोलली नाही. भांडी मात्र बोलत होती. शेवटी म्हणाली, सांगितलं असतंत हो म्हणून, तर काय बिघडलं असतं? मी म्हटलं, एवढं सोपं वाटत असेल तर तूच कर. ही नुसतं बरं म्हणाली. हिला माझं म्हणणं पटलं की ही असंच थोडक्यात बोलते.

संकल्प: एप्रिलच्या आत स्वतःचा अवशेष. साडूच्यापेक्षा मोठा.

१८ फेब्रुवारी

साडू फिल्टर ठेवूनच गेलाय. मी शोधासाठी दुसरा भाग निवडला. साडूच्या भागापासून जितका लांब जाता येईल तितका.

दुर्बीण ध्रुवताऱ्याशी जुळवणं, फोकस करणं, केबल लावणं ही किरकोळ कामं नेहमीसारखी हिच्याकडे. माझे गुडघे वाकत नाहीत. मी दिशा देतो. रात्रभर कॅमेरा आपोआप चालतो. शास्त्रज्ञाला झोप हवी, डोकं ताजं राहतं.

१९ फेब्रुवारी

ढग.

२० फेब्रुवारी

ढग. साडूकडे निरभ्र होतं. आमच्या दोन घरांत चार गल्ल्यांचं अंतर. याची चौकशी व्हायला हवी.

२४ फेब्रुवारी, पहाटे उठल्या उठल्या

सापडला! गोल! अगदी कंपासनं काढल्यासारखं फिकट कडं. साडूचा नुसता धागा, तुटका. माझं वर्तुळ पूर्ण. हिला उठवलं. ही झोपेतच म्हणाली, फारच गोल आहे हो.

हो ना! तेच तर!

२५ फेब्रुवारी

दुसऱ्या एका भागाचे फोटो सहज तपासले. तिथेही कडं! तितकंच गोल. दोन अवशेष!

२७ फेब्रुवारी

तिसरा! चंद्राजवळच्या फोटोत! एका आठवड्यात तीन. अख्ख्या हयातीत एक सापडत नाही लोकांना. ही म्हणाली, तिन्ही फोटोत ते कडं उजव्या कोपऱ्यातच कसं? मी म्हटलं, निसर्गात शिस्त असते. ही म्हणाली, एकदा फिल्टर काढून बघा. मी लक्ष दिलं नाही. घरच्या माणसांची किंमत बाहेरच्यांना असते म्हणतात, ते खरंच आहे, माझी किंमत घरात कोणालाच नाही.

प्राध्यापक बाईंना सविस्तर मेल केली. साडूचा उल्लेख टाळला. बाई पुढे मागे तुलना करतीलच.

४ मार्च

बाईंचं उत्तर. फार सभ्य बाई. म्हणतात, दुर्बीण कुठेही वळवली तरी वर्तुळ फोटोत त्याच जागी आणि त्याच आकाराचं दिसतं, तेव्हा कॅमेऱ्याच्या पुढ्यात धुळीचा कण बसला असावा. कण फोकसमध्ये नसला की असं कडं उमटतं. हलकेच फुंकर मारून बघावं.

मारली.

वर्तुळ गेलं.

हे कुणाच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. हिला मी सांगितलं की संशोधनाची दिशा बदलली आहे. ही स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी होती. खांदे हलत होते. माझं दुःख मनाला लावून घेतलं असावं बिचारीनं.

९ मार्च

चष्मेवाल्यांच्या व्यापारी संमेलनासाठी परगावी निघालो. गेली काही वर्षं टाळत होतो. या वेळी ठरवलं, आकाशाला जरा विश्रांती. खरं म्हणजे आकाशालाच माझी किंमत कळायला हवी.

हिला विचारलं, एकटी राहशील ना? ही म्हणाली, खुशाल जा. घाई करू नका. जिव्हाळा आहे तो.

१४ मार्च, हॉटेलात

हिचा फोन. तिकडे रोज रात्र स्वच्छ आहे म्हणे. मी निघताच! खोलीत उकडतं म्हणून ही गच्चीवर झोपते. मी म्हटलं, सर्दी होईल. मागून साडूचा आवाज आला, ताई, फोकस जरा सरकलाय. मी विचारलं, कोण? ही म्हणाली, तो दाढ बघायला आलाय. माझी.

दाढेला फोकस लागतो हे मला माहीत नव्हतं. दातांच्या शास्त्रात फार सुधारणा झाल्या आहेत.

२० मार्च

परत आलो. हिचे डोळे तांबारलेले, चेहरा मात्र उजळलेला. विरहात असं होतं. गच्चीवर दुर्बीण पाहिली. मी ठेवली होती तशी नव्हती. कबुतरं.

६ एप्रिल

साडूचा तो भाग आता सूर्याच्या उजेडात बुडाला. साडूला पश्चिमेची कड मिळालेली नसणार, कारण मी दिली नाही. वाईट वाटलं. थोडं. म्हणजे वाटायला हवं होतं, म्हणून चहा घेताना मुद्दाम वाटवून घेतलं.

३० मे

साडूचा फोन. बाईंना आकाशाच्या जुन्या, रेडिओ लहरींवरून काढलेल्या नकाशातही तेच कवच अंधुक सापडलं. शोधनिबंध स्वीकारला गेला. परदेशी टोळी मागे राहिली. रविवारी सगळे आमच्याकडे येताहेत. मी विचारलं, आमच्याकडे का? तो म्हणाला, म्हणजे काय दादा, तुमच्याकडेच ना!

उशिरा का होईना, गुरूची आठवण आली.

१ जून, दुपारी

निबंध छापून आणला होता. पहिल्या पानावर चित्र. पूर्वेचा धागा, पश्चिमेचा धागा, दोन्ही वळत वळत वर मिळालेले. एखाद्यानं दिव्यापुढे श्वास सोडावा आणि तो तसाच राहावा, असं काहीतरी. मी बराच वेळ बघत राहिलो. नंतर आठवलं की मला ते आवडायला नको.

चित्राखाली नावं. पहिलं बाईंचं, दुसरं साडूचं, तिसरं हिचं.

मला वाटलं, नावाचा घोळ झाला. माझ्या जागी हिचं पडलं. तसं म्हटलंही. साडू खाली बघायला लागला. मेहुणी पाणी आणायला उठली, पाणी समोरच होतं. मग ही म्हणाली, पश्चिमेची बाजू मी घेतली. तुम्ही संमेलनाला होतात तेव्हा सगळ्या रात्री, आणि आल्यावरही दोन-तीन. आकडेमोड मी आणि बाईंनी मिळून केली. तुम्हीच म्हणाला होतात ना, तूच कर म्हणून?

मी म्हटलं, ते रागानं म्हटलं होतं. ही म्हणाली, माहीत आहे. मी नाही रागानं केलं.

शेवटच्या पानावर आभार आहेत. त्यात मी आहे. दुर्बीण उपलब्ध करून दिल्याबद्दल. संस्था आणि उपकरणं अशा परिच्छेदात, एका कॉम्प्युटर प्रोग्रॅमच्या खाली.

१ जून, संध्याकाळी

विचार केला. साडूचा हेवा करणं हा माझ्याकडून वेळेचा अपव्यय झाला. तो केव्हाही साडूच होता, परका. हेवा करण्यासारखं तर घरातच होतं. इतकी वर्षं एका ताटात जेवलो आणि ही फोकस माझ्यापेक्षा बारीक करते हे मला सांगितलं नाही कुणी. सांगणार कोण? हीच सांगणार होती. मीही विचारायला हवं होतं, पण दिशा देण्यात गुंतलो होतो.

चहा देताना ही म्हणाली, रागावलात? मी म्हटलं, छे. ही म्हणाली, मग तोंड का असं? मी म्हटलं, दाढ दुखतेय. ही म्हणाली, तुमच्या साडूला दाखवा.

८ जून, रविवार

वर्तमानपत्राची बातमीदार मुलगी फोटोग्राफर घेऊन आली. सकाळपासून नवा शर्ट घालून तयार होतो. दुर्बिणीची सगळी माहिती पाठ केली होती. मुलीनं हिला अवशेषाचं वय विचारलं, अंतर विचारलं, आता पुढे काय विचारलं. ही अशी काही बोलली, की वर्गातली शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून बसली असती. मी पंचवीस वर्षांत हिला इतकं सलग बोलू दिलेलं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं. छान बोलते.

मुलगी माझ्याकडे वळली. म्हणाली, आणि आपण? मी घसा साफ केला. ही म्हणाली, हे माझे मिस्टर. मुलीनं वहीत काही लिहिलं नाही.

मग फोटो. ही मधे, साडू डावीकडे, दुर्बीण उजवीकडे. मी दुर्बिणीच्या बाजूला, नळीवर हात ठेवून, वर आकाशाकडे बघत उभा राहिलो.

फोटोग्राफर म्हणाला, काका, जरा बाजूला व्हाल? दुर्बिणीवर तुमची सावली पडते आहे.

झालो.