अण्णांच्या टाचेवरची साय

पिंपळगाव रेणुकाई,
६ डिसेंबर १९९८

चि. बेबीनंदास आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

अण्णांची टाच सोडली तर सगळं बराबर आहे. दिवाळीत बाजरीचं धसकट घुसल्तं, ती जखम अजून भरंना. त्यात साखरेचं दुखणं. जालन्याचे डॉक्टर म्हणले, संक्रांतीपर्यंत बघू, न्हाई तर पाय कापावा लागंल. तवापासून तुझे अण्णा उंबऱ्याबाहेर पडंनात.

माझ्या हातून कसूर न्हाई. रोज सकाळी वाळलेली पट्टी टरकन ओढते, कडुलिंबाच्या पाण्यानं घासून वर आलेली साय पार काढते. तांब्यावानी लख्ख! तू तिकडं प्रयोगशाळेत काचेच्या बशीत पेशींवर ओरखडे काढून राह्यलीस म्हणे. तुझ्या बशीतली जखम भरती, मंग आमची का भरंना? जल्दी लिही.

तुझी वाट बघणारी,
आई

पुणे,
१२ डिसेंबर

ती. आईस शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून तुझा इतका राग आला की रडूच फुटलं. आई, ती साय घाण नाही गं! जखमेच्या कडेच्या पेशी सरकत सरकत मध्ये येतात. त्यांना पाय रोवायला खाली प्रथिनांचं जाळं लागतं, आणि अंगातलेच वाढीचे घटक त्यांना ‘इकडे या’ म्हणून बोलावतात. माझ्या बशीतलं जाळं धुतलं, की पेशी कडेलाच बसून राहतात. तू रोज तेच करतेस. ती साय ओल्या सारवणासारखी; त्यावर मला कधी पाय ठेवू दिलास का?

डॉक्टरांना विचारून पट्टी भिजवून हळू काढ, घासू नकोस. पिवळा पू दिसला, वास आला, तर लगेच जालना गाठा. साखर सांभाळा, टाचेवर भार नको. माझं रागाचं बोलणं मनावर घेऊ नकोस, माया राहू दे.

तुझी,
बेबीनंदा

पिंपळगाव रेणुकाई,
२० जानेवारी १९९९

चि. बेबीनंदास अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांनी तुझ्यासारखंच सांगितलं, वर मला रागावले बी. पण पट्टी सोडली की घासायला माझे हात शिवशिवायचे. मंग तुझे अण्णा माझे दोन्ही हात धरून बसायचे, डॉक्टरांनी दिलेलं पाणी तुझी काकू सोनूबाई टाकायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, जावेसमोर कधी हात धरला न्हाई बाई या माणसानं! मी लाजंनं मेले.

जखमेची कड हळूहळू आत आली. संक्रांतीला डॉक्टर म्हणले, पाय वाचला. मी तिथंच रडले.

काल पट्टी कायमची सुटली. आज सकाळी मी चुलीपुढं बसल्ते, तर तुझे अण्णा आले आन् बाजूला बसून हात पुढं केला. मी म्हणलं, आता कशाला? तर म्हणले, “सवय लागली.”

दोघांचीही माया घे.

तुझी,
आई